कुरडयांच्या वासाचा आपत्तीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि आज मी जाम वैतागलेलो आहे. आत्मवृत्त गोड बोलून सुरू करायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्यासारखी वेळ तुमच्यावर आली असती, तर तुम्हालाही गोड बोलणं सुचलं नसतं.

मी मूळचा पंधरा किलो तेलाचा डबा. मार्केट यार्डात आलो, तेल संपलं आणि भंगारात निघालो. तिथल्या कचरू डबेवाल्यानं मला उचललं, कापलं, कडा ठोकून गोल केल्या आणि घट्ट झाकण बसवलं. झाकणाखाली रबराची कड लावून तो म्हणाला, "पाण्यात बुडवा, थेंब आत गेला तर पैसे परत." बिबवेवाडीच्या सरुबाईंनी मला विकत घेतलं. पुढची अकरा वर्षं मी त्यांच्या घरी गहू सांभाळले. एकदाही कीड लागू दिली नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

मागच्या वर्षी वळवाच्या पावसात मागचा ओढा फुगला आणि पाणी घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. तेव्हा सरुबाईंच्या सुनेनं, ऋतुजानं, गहू काढून मला धुतलं, पुसलं आणि माझं नशीब पालटलं. तिनं माझ्यात बॅटरी ठेवली, जादा सेल ठेवले, पट्ट्या, मलम, तापाच्या गोळ्या, जुलाबावर आणि थकव्यावर पाण्यातून घ्यायची क्षार-साखरेची पावडर, पाणी शुद्ध करायचे थेंब, सगळ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती आणि फोन नंबरांचा कागद. सगळ्यात वर ठेवला दम्याचा नवा पंप. तो तिच्या सासऱ्यांसाठी, हिंदुरावांसाठी. पावसाळी हवा आली की त्यांची छाती भरून येते आणि पंप मिळाला नाही तर जीव कासावीस होतो.

"हा आपत्तीचा डबा. याला कुणी हात लावायचा नाही," ऋतुजा म्हणाली.

"आपल्या बिबवेवाडीत कसली आलीय आपत्ती?" हिंदुराव हसले. "आपत्ती तर रोज स्वयंपाकघरात हाय."

मला मात्र कोण आनंद झाला! गहू काय, कुणीही सांभाळतं. माझ्यावर एका माणसाच्या श्वासाची जबाबदारी होती.

आणि मग सुरू झाली उचलाउचली. टीव्हीचा रिमोट चालेना, घ्या माझे सेल. ऋतुजाचा नवरा रविराज सिंहगड चढून आला, प्या माझी पावडर. प्रत्येक जण म्हणायचा, "उद्या परत ठेवतो." हा उद्या कुठल्या कॅलेंडरात असतो, ते मला अजून सापडलेलं नाही. तरी मी चालवून घेतलं, कारण पंप जागेवर होता.

या मे महिन्यात सरुबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या. झाल्याही देखण्या. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या मंदाकिनीबाईंना त्या द्यायच्या ठरल्या. पण कुरडई पडली नाजूक, पिशवीत तिचा चुरा होणार. सरुबाईंची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. माझ्यातलं सगळं त्यांनी एका कापडी पिशवीत भरलं, पंप सगळ्यात वर ठेवला आणि पिशवी दाराआडच्या खुंटीला अडकवली. "दोन दिसांचा तर प्रश्न हाय," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मला घेऊन वर गेल्या.

"काय सुरेख डबा आहे हो!" मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण कुणाचा डबा रिकामा परत कसा द्यायचा? रत्नागिरीहून भावाचे हापूस आले की त्यातले डझनभर घालून देऊ, असं त्यांनी ठरवलं. आंबे काही येईनात. कुरडया संपल्या आणि मी फळीवर रिकामा बसून राहिलो. खाली यायला मला अठरा पायऱ्या होत्या, पण डब्याला पाय नसतात ना!

अकराव्या दिवशी संध्याकाळी आभाळ काळंकुट्ट झालं. वारा असा सुटला, की समोरच्या दुकानाचा पत्रा उडाला. वीज गेली आणि पाऊण तासात ओढ्याचं पाणी तळमजल्यात शिरलं. चौघं धडपडत वर आली. हिंदुरावांच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्यांचा रोजचा पंप दोन दिवसांपूर्वीच संपला होता.

"आई, डबा कुठाय?" ऋतुजा ओरडली.

सरुबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. ऋतुजानं झडप घालून मला उचललं, आणि मी हलका लागल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. झाकण उघडलं. आत कुरडयांचा चुरा.

मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. आणि इतका संतापही कधी आला नव्हता!

"पिशवीत हाय गं... खाली, दाराआड..." सरुबाईंनी कपाळावर हात मारला.

"मेन स्विच बंद केलाय मी," म्हणत रविराज कमरेएवढ्या पाण्यात उतरला. अंधार, हातात फक्त मोबाइलचा उजेड. इकडे मंदाकिनीबाईंनी हिंदुरावांना पुढे वाकवून बसवलं. ऋतुजा एकसारखा रुग्णवाहिकेला फोन लावत होती, पण तो लागेना. हिंदुरावांचे ओठ निळे पडत चालले होते. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होतो आणि माझ्यात त्यांच्यासाठी काहीही नव्हतं.

पाण्याच्या रेट्यानं अडलेलं दार ढकलून वीस मिनिटांनी रविराज आला. पिशवीचा तळ भिजला होता, आधार कार्डांच्या प्रतींचा लगदा झाला होता, पण वरचा पंप सुका होता. पाणी अजून वीतभर चढलं असतं, तर हे आत्मवृत्त मी सांगितलंच नसतं. पहिल्या दोन-तीन फवाऱ्यांनंतर हिंदुरावांना बोलता येऊ लागलं. पाणी ओसरल्यावर त्यांना दवाखान्यात नेलं आणि चार दिवस ठेवून घेतलं.

घरी आल्यावर सरुबाई रडत म्हणाल्या, "अहो, कुरडयांपायी तुमचा जीव घेतला असता मी."

"तू एकटीच कशाला? पंप संपल्याचं मी तरी कुठं सांगितलं?" हिंदुराव म्हणाले. "हसण्यावारी मीच नेलं सगळं."

आता ते दर महिन्याच्या एक तारखेला चष्मा लावून मला उघडतात. एकेक वस्तू मोजतात, औषधांच्या तारखा मोठ्यानं वाचतात, आणि सेल मागायला आलेल्या रविराजला "दुकान उघडं हाय," एवढंच सांगतात. माझं झाकण आता पुन्हा घट्ट बंद असतं.

मित्रांनो, डब्याचं कौतुक करू नका, देखणा तर मुळीच म्हणू नका. नुसतं त्याला भरलेलं राहू द्या. तुमच्याही घरी कुठेतरी असा एक डबा असेल. त्यात आत्ता या क्षणी काय आहे, ते सांगता येईल? नाही ना? मग माझी गोष्ट वाचत काय बसलात? उठा आणि झाकण उघडा!