घरचं कापड

"अजून मागे घ्या, अजून! भिंतीला चिकटवा," असं ओरडत मुदाशिरूने जीपच्या बॉनेटवर थाप मारली. मागचा बंपर भिंतीला टेकला, तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. शेजारी त्याने एक बुटकी गाडी इतकी खेटून लावायला लावली, की तिच्या ड्रायव्हरला पलीकडच्या दारातून सरपटत बाहेर यावं लागलं.

"काय हो, गाडी लावताय की डब्यात मासे भरताय?"

"खाली शिरायला जागाच नको. जागा नाही तर चोर नाही," मुदाशिरू म्हणाला.

गेल्या महिन्यात नायजेरियातल्या इबादानच्या याच पेठेत, मशिदीत नमाज चालू असताना बाहेरच्या तीन गाड्यांचे कॅटलिस्ट कापून नेले होते. धुराच्या नळीतला तो एवढासा डबा, पण आतल्या धातूला सोन्यासारखा भाव. चोर बाकी गाडीला बोटही लावत नाहीत. मालक बिचारा येऊन चावी फिरवतो आणि गाडी पिठाच्या गिरणीसारखी बोंबलायला लागते. म्हणून अल्हाजा सिकिरातने लेकीच्या लग्नात गाड्यांवर मुदाशिरूला नेमलं. तो तिच्या नवऱ्याचा जुना ड्रायव्हर. नवरा गेल्यावरही माणूस घरचाच राहिला होता.

घरचा म्हणजे नुसता बोलायला नव्हे. लग्नघरच्या सगळ्यांनी एकसारखं शिवून घालायचं ते हिरवं कापड अल्हाजाने स्वतः त्याच्या हातात ठेवलं होतं. त्या दिवशी तो भलताच खुशीत घरी गेला. पण धाकटा भाऊ वासिऊ ते कापड कुरवाळत बसला आणि म्हणाला, "तुझं बरंय दादा. आम्ही बिनकापडाचे. आम्हाला मागच्या खुर्च्या, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर भात संपलेला."

वेल्डिंगच्या दुकानातून काढून टाकल्यापासून वासिऊ असाच बोलायचा. मुदाशिरू ते कापड घेऊन शिंप्याकडे गेला. त्याने एकाच्या कापडात दोघांचे कपडे बेतायला सांगितले. शिंपी हसला, पण शिवले. दोन्ही पायजमे घोट्याच्या वरच संपले, म्हणून खाली काळ्या पट्टीचा जोड दिला.

मुदाशिरूचा नियम सोपा होता. हिरवं कापड नसेल त्याने गाड्यांत वाकायचं नाही. चप्पल नीट करायलासुद्धा नाही. नवऱ्या मुलाच्या मित्राला त्याने बुटाची नाडी बांधतानाच दंडाला धरून उठवलं होतं.

दुपारी ढोलवाले नवरीला वाजतगाजत मांडवात घेऊन आले आणि सगळी गर्दी तिकडे धावली. त्याच वेळी मुदाशिरूला लांबून जीपच्या तोंडाशी, गाडीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले.

"कोण रे तिथे?"

ढोलांत काही ऐकू येईना. गाडीखालून एक हिरवी बाही बाहेर आली. हातात चावी होती. ती हलवून दाखवत हात आत गेला. चावी पडली असणार, सापडली. कापड घरचं होतं. जीप अल्हाजाच्या थोरल्या भावाची होती आणि त्याची पोरं सगळी हिरव्यातच होती. मुदाशिरू मागे वळला.

नवरीची पाठवणी त्याच जीपमधून व्हायची होती. मामांनी चावी फिरवली आणि जीप अशी गरजली, की नवरीने दोन्ही कानांवर हात ठेवले. पोरं खिदळली. अल्हाजा हसली नाही.

"मुदाशिरू! तू होतास ना इथे?"

"होतो, अल्हाजा. हललोसुद्धा नाही."

"मग काय कॅटलिस्ट उडून गेला?"

मुदाशिरू वाकून जीपखाली बघू लागला. परक्या माणसाला त्याने जवळ फिरकू दिलं नव्हतं. मग गेला कुठे? डोकं चालेना. त्याने हिरव्या बाहीचं सांगितलं, चावीचंही सांगितलं. मामांनी आपल्या तिन्ही मुलांना पुढे बोलावलं. तिघांचेही झगे टाचेपर्यंत लोळत होते, कुठे साधी सुरकुती नव्हती.

"माझ्या घरात चोर शोधतोस होय रे?" मामा म्हणाले.

फाटकाशी चवळीची अकारा भजी तळणारी बाई कढई सोडून आली. "मी पाहिले ते पाय. हिरवा पायजमा होता खरा. पण खाली काळा जोड होता. लग्नघरचं कापड आणि भिकाऱ्यासारखा जोड, म्हणून माझ्या डोळ्यात भरलं."

सगळे एकमेकांच्या पायांकडे बघू लागले. मुदाशिरूनेही खाली पाहिलं. त्याच्या स्वतःच्या घोट्यावर ती काळी पट्टी होती.

हे कसं, हे त्याला क्षणभर खरंच उमगेना. मी तर उभा होतो, मग माझे पाय गाडीखाली कसे? मग त्याची नजर भाताच्या पातेल्यांकडे गेली. वासिऊ तिथे उभा होता, हातात झाकलेलं ताट धरून. नमाजाआधी पाय धुताना, वजूला करतात तसा त्याने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला होता. नमाज केव्हाच होऊन गेली होती.

आई गेली तेव्हा या पोराला पाठीला बांधून मुदाशिरू शेंगदाणे विकायला जायचा. भूक लागली की ते त्याच्या मानेवर चावायचं.

"मुदाशिरू," अल्हाजा म्हणाली, "असा जोड आणखी कुणाच्या पायजम्याला आहे? नाव सांग. मी तुझ्यावर विश्वास ठेवीन."

तिला खरंच नाव हवं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कुणाच्याच नाही," तो म्हणाला. "शिंप्याने एकच शिवला."

अल्हाजाने त्याच्याकडची फाटकाची किल्ली मागून घेतली. पोलिसांना बोलवा, असं मामा म्हणत होते. आज माझ्या लेकीची पाठवणी आहे, एवढंच ती म्हणाली. नवरीला बुटक्या गाडीत बसवलं. पाठवणीची गाणी पुन्हा सुरू झाली, पण जरा दबकत.

मुदाशिरू भिंतीला टेकून उभा होता. वासिऊ जवळ आला. त्याने नुसतं ताट पुढे केलं. वर कोंबडीचा मोठा तुकडा होता.

मुदाशिरूने ताट घेतलं.

"घरी पोचेपर्यंत," तो हळूच म्हणाला, "पायजमा खाली सोडू नकोस."