संबंधित अवयव

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावच्या बाजारात जहीरचं ऑनलाइन सेंटर आहे. तिथे कुणाचंही काम एकट्याचं नसतं. उत्पन्नाचा दाखला असो की गॅसचं केवायसी, खुर्चीत एकजण बसतो आणि त्याच्या खांद्यावरून बाकीचे स्क्रीन वाचतात. राईस मिलमधला लच्छू तर काही काम नसतानाही येतो आणि लोकांच्या जन्मतारखा मोठ्यानं वाचून दाखवतो. "अरे, तू तं माह्यापेक्षा लहान हायेस बे. मग केस कुठी गेले?" आपल्याकडे याला आगाऊपणा म्हणत नाहीत, आपुलकी म्हणतात.

या आपुलकीत बसून जहीरला एक दिवस आपल्या बायकोचा पेटंटचा मसुदा टाइप करायचा होता.

त्याची बायको शिरीन आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तिनं आईचं दूध काढायचा पंप तयार केला होता. कपड्याच्या आत छातीवर बसवायचा. तो आपसूक दूध काढतो, पेल्यात साठवतो आणि बाईचे दोन्ही हात कामाला मोकळे राहतात. असे पंप मोठ्या शहरांत मिळतात. पेला भरला की त्यावर दिवा लागतो, नाहीतर मोबाइलवर निरोप येतो. पण शिरीनची जुनी विद्यार्थिनी बुधरी एटापल्लीकडे लोखंडाच्या खाणीत डंपर चालवायची. डंपरमध्ये मोबाइलला बंदी. दिवा पाहायला मान खाली घातली तर डंपर सरळ दरीत. आणि इंजिनाच्या घरघरीत शिट्टी ऐकू यायची नाही.

"मॅडम, खाणीत आमी कोनाले हाक नाई मारत," बुधरीनं सांगितलं होतं. "ऐकूच येत नाई ना. मागून जातो अन् खांद्यावर टक करतो. तुमच्या मशीनले सांगा टक करायले."

शिरीननं मशीनला सांगितलं. आतल्या कपड्याच्या खांद्यावरच्या पट्टीत तिनं एक चिमुकली मोटर बसवली. पेला सरकला की एक टक, भरला की दोन. बुधरी डंपर चालवत राहिली आणि तिचा तान्हा चंदन गावी आजीच्या मांडीवर बसून आईचंच दूध पीत राहिला. ही गोष्ट नागपूरच्या एका कारखानदारापर्यंत गेली. तो म्हणाला, पेटंट आणा, मी शंभर पंप काढतो. पेटंट नसेल तर एकही नाही. खाणीतल्या बाया बुधरीला विचारू लागल्या, "आमाले कवा भेटते?" सगळं त्या मसुद्यावर येऊन थांबलं.

मसुदा शिरीननं हातानं मराठीत लिहिला. तिची लेक रूही तेव्हा अंगावर पीत होती आणि शिरीनची ड्युटी सुरू झाली होती. टाइप करून चंद्रपूरच्या अंकुश वकिलांकडे पाठवायचं, ते इंग्रजी करून अर्ज भरणार, एवढंच काम जहीरकडे होतं.

जहीरनं पहिली ओळ टाइप केली. 'स्तनपान करणाऱ्या आईसाठी अंगावर बसणारा पंप.' मानेवर कुणाचा तरी श्वास लागला. लच्छू अक्षरं जुळवत होता.

"स्त… न…"

जहीरनं स्क्रीन बंद केली. "लाइट गेली," तो म्हणाला. डोक्यावर पंखा फिरत होता. लच्छूनं पंख्याकडे पाहिलं, जहीरकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली.

मग जहीरला युक्ती सुचली. एक शब्द शोधून त्याच्या जागी दुसरा घालायची सोय कॉम्प्युटरमध्ये असतेच. 'स्तन'च्या जागी त्यानं 'संबंधित अवयव' घातला. 'दूध'च्या जागी 'द्रव पदार्थ'. 'आई'सुद्धा त्याला जरा उघडीच वाटली, म्हणून 'वापरकर्ता'. कॉम्प्युटरनं विचारलं, सगळीकडे बदलू? जहीर म्हणाला, बदल. राहिली ती खांद्याची पट्टी. पट्टी म्हटली की आतला कपडा आला. त्यानं तो अख्खा परिच्छेद काढला आणि लिहिलं, 'यंत्र वापरकर्त्यास योग्य ठिकाणी योग्य सूचना देते.' आकृतीत शिरीननं बाईचं धड काढलं होतं. त्या जागी जहीरनं मडकं चिकटवलं. मडक्याला कोण नावं ठेवणार?

अंकुश वकिलांचा फोन आला. "जहीरभाऊ, हे नेमकं कशाचं यंत्र आहे?"

"घरगुती हाये सर."

"म्हणजे कशाचं?"

"सर, म्हणजे… लेडीज घरगुती."

वकिलांना सगळं समजलं होतं, पण त्यांच्याही ऑफिसात चार माणसं बसली होती. "बरं," ते म्हणाले आणि अर्ज भरला.

"सगळं नीट लिहिलं ना?" सही करताना शिरीननं विचारलं.

"एकदम सभ्य लिहिलं."

शिरीनला ती शाबासकी वाटली.

अर्ज गेला आणि पेटंट कार्यालयाच्या रांगेत बसला. दरम्यान गडचिरोलीला महिलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. आयोजकांना पंप फार आवडला, फक्त तो कोणत्या विभागात ठेवावा ते सुचेना. शेवटी 'दुग्धव्यवसाय' या पाटीखाली, म्हशीचं दूध काढायच्या मशीनशेजारी त्याला टेबल मिळालं. बुधरीनं माइक हातात घेतला. "हे छातीवर लावाचं. दूध इकडून येते, इथी जमा होते. भरलं का खांद्यावर टक-टक करते. ही पट्टी पाहा, हिच्यात मोटर हाये." कुणीतरी व्हिडिओ काढला. पोरांनी हसायला म्हणून तो जिल्हाभर फिरवला. म्हशीच्या मशीनला पहिलं बक्षीस मिळालं.

पुढे पेटंट कार्यालयाचा तपासणी अहवाल आला. शिरीननं तो स्वयंपाकघरात उभ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं, की हा शोध नवा दिसत नाही. झाडाचा रस गोळा करायचं असंच यंत्र परदेशात आधीपासून आहे. ते झाडाच्या संबंधित भागाला बांधतात, द्रव पदार्थ भांड्यात पडतो आणि भांडं भरलं की सूचना मिळते. आकृतीतलं मडकंही बरंचसं तसंच आहे.

"यायनं मले शिंदीचं झाड समजलं," शिरीन म्हणाली.

तिनं सेंटरमधून अर्जाची प्रत मागवली. वाचता वाचता ती खाली बसली. मग आवाज न चढवता म्हणाली, "आई कुठी गेली यातली?"

जहीर जमिनीकडे पाहत राहिला. "घरात अम्मी हाये. सेंटरात लोकं राह्यतात. असे शब्द कसे टाइप करू मी?"

अम्मी, म्हणजे जहीरच्या आई मलिकाबी, पलीकडे तांदूळ निवडत होत्या. चार लेकरं वाढवलेली बाई. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"माह्यावर काऊन ढकलतो रे? तुले पाजत होती मी, तवा तू काय 'अवयव, अवयव' करून रडत होता का?"

रूही खिदळली. तिला काही समजलं नव्हतं, पण बापाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"अम्मी, लोकं हसतात."

"हसू दे ना. हसून पोट दुखते, मरत तं नाई कोनी." मलिकाबींचा आवाज बदलला. "तुह्या पाठीवरची तबस्सुम आठवते? माह्या छातीत गाठ झाली होती, दूध येईना. ताप चढला. डॉक्टर पुरुष होता, त्याले सांगाची शरम. तुह्या अब्बाले सांगाची शरम. सासूले म्हटलं, तं ती म्हणे, चूप राह्य. पोरीले तांदळाचं पानी पाजलं मी. वरचं पानी. ती गेली, अन् लोकं म्हणे, नजर लागली." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "नजर-बिजर काई नव्हती बेटा. एक शब्द होता, तो तोंडातून निघाला नाई."

जहीरला बहिणीचा चेहरा आठवत नव्हता. घरात तिचं नाव तो कित्येक वर्षांनी ऐकत होता.

पेटंट कार्यालयानं सुनावणी ठेवली, ती व्हिडिओवर होती. सेंटरचं शटर अर्धं ओढून सगळे आत बसले: शिरीन, मलिकाबी, कडेवर बसण्याइतका लहान न राहिलेल्या चंदनला घेऊन एसटीनं आलेली बुधरी, आणि जहीर. चंदन आता भात खात होता. बुधरी स्वतःसाठी आलीच नव्हती. तिच्यासोबत डंपर चालवणारी करिश्मा नुकतीच बाळंत झाली होती आणि तिची सुट्टी संपत आली होती. अर्ध्या शटरखाली लच्छूच्या चपला दिसत होत्या.

स्क्रीनवरच्या अधिकारी मॅडम मराठीच निघाल्या. त्यांनी चष्मा सारखा केला. "अर्जात लिहिलंय, योग्य ठिकाणी सूचना. योग्य ठिकाणी म्हणजे कुठे?"

शिरीननं जहीरकडे पाहिलं. ते वाक्य त्याचं होतं. जहीरचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. शटरखालच्या चपला एक पाऊल पुढे आल्या.

इतक्यात त्याच्या खांद्यावर कुणीतरी दोन बोटांनी टक केलं. मागे बुधरी होती.

"इथी," ती हळूच म्हणाली. "सांगा ना भाऊ."

आणि जहीर बोलला! स्तन म्हणाला, दूध म्हणाला, आई म्हणाला, आतल्या कपड्याची पट्टी म्हणाला. खाणीत हाक ऐकू येत नाही म्हणून लोक खांद्यावर टक करतात, त्यातून हे निघालं, असं म्हणाला. मडकं कुणी चिकटवलं तेही म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला की समोरच्या चहाच्या टपरीवरचं बोलणं थांबलं. मलिकाबींनी पदर डोळ्यांना लावला.

मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "खांद्यावरचा इशारा," त्या म्हणाल्या. "हे मी आजवर कुठल्याच अर्जात पाहिलेलं नाही. माझं बाळ लहान होतं तेव्हा हे असतं तर…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण हे तुमच्या अर्जात नाही."

"आता घालतो ना मॅडम. आत्ता टाइप करतो."

"तेच करता येत नाही. अर्ज भरला त्या दिवशी जे सांगितलं नाही, ते नंतर त्यात घालता येत नाही. कायदाच तसा आहे."

"मग नवा अर्ज?" शिरीननं विचारलं.

"तुम्ही हे जगासमोर उघड दाखवलंय का?"

बुधरी खाली मान घालून बसली. प्रदर्शनातला तो व्हिडिओ मॅडमपर्यंतही पोचला होता. एकदा सगळ्यांसमोर आलेली गोष्ट नवी म्हणून धरता येत नाही. "त्या बाईंनी फार छान सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "पट्टी, मोटर, सगळं. इतकं स्पष्ट अर्जात असतं तर मला काहीच विचारावं लागलं नसतं. मला वाईट वाटतं."

स्क्रीन काळी झाली. आता जहीर बिनधास्त बोलू शकत होता. फक्त त्याची गरज कुणाला उरली नव्हती.

"मी बोलली म्हणून गेलं का मॅडम?" बुधरीनं शिरीनला विचारलं.

"नाई गं. आमी नाई बोललो म्हणून गेलं."

कारखानदारानं शंभर पंपांचा विषय बंद केला. शिरीननं सुट्टीच्या दिवशी घरी बसून हातानं एक पंप करायला घेतला. जहीर शेजारी बसून तारा जोडत होता. पंप तयार झाला तेव्हा करिश्मानं डंपरची चावी परत केलेली होती. आता ती दुसऱ्याच्या बांधीत भाताच्या रोवणीला जाते आणि बाळ बांधावर झोपवते.

परवा सेंटरमध्ये एक बाळंतीण मातृत्वाच्या योजनेचा अर्ज भरायला आली होती. मागे नेहमीची आपुलकी उभी होती. जहीरनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बाई, बाळ अंगावर पिते ना? छातीत दुखत-गिखत असन तं आत्ताच नर्सबाईले सांगा. लाजू नका." लच्छू फिसकन हसला. जहीर उठला, त्याच्या मागे गेला आणि खांद्यावर टक केलं.

"काऊन बे?"

"तुह्या मायनं तुले काय पाजलं होतं लच्छू? द्रव पदार्थ?"

लच्छूचं हसू तोंडातच राहिलं. त्या दिवशी त्यानं कुणाचीही जन्मतारीख वाचली नाही.

बंधुभगिनींनो, तुमच्या-आमच्या घरातही असं एखादं मडकं चिकटवलेलं असेल. त्याला आपण सभ्यपणा म्हणतो. हा सभ्यपणा फुकट मिळत नाही. त्याची किंमत कुठल्यातरी बांधावर झोपलेलं लेकरू देत असतं, नाहीतर एखादी तबस्सुम, जिचा चेहराही आपल्याला आठवत नाही. आईच्या दुधाला आईचं दूध म्हणा, आणि वेळेवर म्हणा. वेळेवर जे सांगितलं नाही ते नंतर घालता येत नाही. जहीरला हे कायद्यानं शिकवलं. मलिकाबींना ते कायद्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, पण त्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं.