दीड श्वासाची जागा

शेवटच्या गाण्यात कोहारुची एकटीची ओळ संपली की वाद्यं थांबतात. दीड श्वास, बस. तेवढ्यात मागच्या अंधारातल्या खांबापासून हाक येते, ‘को-हा-रूऽऽ!’ आणि लगेच ड्रम सुरू होतो, सगळा हॉल उड्या मारायला लागतो. ही हाक कुणी गाण्यात लिहिलेली नाही. सात वर्षांपूर्वी एका शनिवारी कुरामोचीच्या तोंडून ती निघून गेली, लोकांना आवडली आणि ती जागा त्याची झाली. तिथे दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही असा काही कायदा नव्हता, पण उघडत नसे कुणी.

कुरामोची छप्पन्न वर्षांचा, एकटा माणूस. जपानातल्या हामामात्सुच्या एका पियानोच्या कारखान्यात, तारांवर पडणाऱ्या हातोड्यांवरची लोकरीची गादी सुईने टोचून टोचून मऊ करायची, हे त्याचं काम. आठवडाभर तोंडातून दहा शब्द निघाले तरी खूप झाले. जो काही आवाज त्याच्यापाशी होता, तो शनिवारी दुपारी बाजारातल्या एका तळघरातल्या हॉलमध्ये, ‘दोयोबी मिकान’ म्हणजे ‘शनिवारची संत्री’ नावाच्या पाच गाणाऱ्या पोरींच्या ग्रुपपुढे निघायचा. प्रत्येकीचा एकेक रंग ठरलेला; त्यातही पिवळ्या रंगाच्या कोहारुसाठी. लोक नावं ठेवायचे. बहीण तर फोनवर सरळ विचारायची, “या वयात लाज कशी वाटत नाही रे तुला?” वाटायची की! पण शनिवारी एक ते तीन नाही वाटायची.

जानेवारीत डॉक्टरांनी त्याचं स्वरयंत्र काढून टाकलं. गाठ निघाली होती. जीव वाचला, आवाज गेला. आता गळ्याला भोक, श्वास तिथूनच, आणि उजव्या कानापासून खांद्यापर्यंत सगळं बधिर. “हळूहळू येईल जाणीव,” डॉक्टर म्हणाले. कुरामोचीला घाई नव्हती. खरं सांगायचं तर उरलेला कुरामोचीही तसाच झाला होता. जेवण पुढे आलं की जेवायचा, दिवा मालवला की डोळे मिटायचा. रडू येत नव्हतं, आणि ते येत नाही याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

दवाखान्यात जाण्याआधी त्याने एक काम मात्र केलं होतं. इनागाकीला गाठलं. इनागाकी शहर बसचा ड्रायव्हर, ग्रुपमधल्या लाल रंगाच्या मुलीचा भक्त, आणि तोंडाचा फाटका.

“माझी जागा रिकामी ठेवू नकोस,” कुरामोची घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पोरगी तिथे हाकेसाठी थांबते.”

“वा! म्हणजे मी लाल सोडून तुमच्या पिवळीला हाका मारायच्या? लोक गद्दार म्हणतील मला!” इनागाकी म्हणाला. पण मग फोनमधली जुनी रेकॉर्डिंग काढून, डेपोत उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये बसून त्याने ती हाक घोटून घोटून पाठ केली. ‘रू’ कुठे लांबवायचा, शेवटी आवाज कुठे जरा फाटू द्यायचा, सगळं.

त्यानंतर दर शनिवारी त्याचा मेसेज यायचा, ‘हाक झाली.’ पलंगावर पडल्या पडल्या कुरामोची तो वाचायचा आणि पुढच्या ओळीची वाट बघायचा. ‘कोहारुने तुमची चौकशी केली.’ ती ओळ कधी आली नाही. त्याने तीनदा विचारायला म्हणून बोटांनी शब्द जुळवले आणि तीनदा पुसले. विचारायचं काय, तर त्या मुलीला माझा आवाज गेलेला कळला का! छप्पन्न वर्षांच्या माणसाने!

मे महिन्यात बातमी आली, कोहारु ग्रुप सोडतेय. शेवटचा कार्यक्रम शनिवारी, दुपारी एक वाजता.

कुरामोची गेला. गळ्याभोवती ग्रुपचा पिवळा टॉवेल गुंडाळला. तिथे प्रत्येकाच्याच गळ्यात टॉवेल, कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. काखेत पोरांची ती पुसायची पाटी, जिची दांडी सरकवली की लिहिलेलं सगळं जातं. त्याला आता फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं: चार महिने हाक मारणारा दुसराच होता, हे तिला जाणवलं की नाही? जाणवलं असेल, तर सात वर्षं आपण कुणीतरी होतो. नसेल, तर मग काही नाही. पाटीवर त्याने घरूनच लिहून आणलं होतं: ‘जानेवारीत आवाज गेला. तेव्हापासून तो मी नव्हतो.’ ती ‘कुठे होतात?’ म्हणून विचारेल, तेव्हा दाखवायचं.

खांबापाशी इनागाकी उभा होता, लाल आणि पिवळी अशा दोन लाईटच्या कांड्या घेऊन.

“आलात! मेलात की काय वाटलं होतं,” तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली. “म्हणजे तसं नाही हो. हे बघा, आज तुम्ही म्हणाल तसं. हाक मारू? का आज रिकामी ठेवू जागा? शेवटचा दिवस आहे. तिला कळेल तरी.”

कुरामोचीने रंगमंचाकडे बघितलं. रिकामी ठेवली की तिला कळणार, यात शंका नव्हती. ती अडखळणार, खांबाकडे बघणार, चेहरा पडणार. याच दिवशी, सगळ्यांसमोर. तो जे विचारायला आला होता त्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं.

पाटीवरचं पुसायचं नव्हतं. त्याने इनागाकीच्या तळहातावर बोटाने लिहिलं, ‘मार.’

“नक्की?”

त्याने मान हलवली.

दोन तास कसे गेले ते त्याला कळलं नाही. शेवटचं गाणं लागलं. कोहारुची ओळ संपली, वाद्यं थांबली. कुरामोचीचं तोंड सवयीने उघडलं, छाती भरली, गळ्याच्या भोकातून टॉवेलवर गरम वारा आला आणि शेजारून इनागाकीने हाक मारली. ‘को-हा-रूऽऽ!’ शेवटी फाटली सुद्धा बरोबर तिथेच. कोहारुने खांबाकडे बघितलं, डोळे मिटले, नेहमीसारखी हसली. ड्रम सुरू झाला.

नंतर फोटोची रांग. आपल्या मुलीबरोबर एक झटपट फोटो आणि वीस सेकंद बोलणं, मग मॅनेजरचा माणूस खांद्यावर हात ठेवून पुढे सरकवतो. कुरामोचीचा नंबर आला. पाटी छातीशी, लिहिलेली बाजू आत. फोटो निघाला.

“कुरासान!” कोहारुने त्याचे दोन्ही हात धरले. “किती दिवसांनी! रागावला होतात ना माझ्यावर?”

त्याने मान हलवली. नाही.

“मग चार महिने फोटोला का नाही आलात? दर शनिवारी हाक यायची, मी म्हणायची, आहेत, मागे आहेत. आणि रांगेत बघावं तर पत्ताच नाही! फेब्रुवारीत माझा घसा बसला होता ना, त्या दिवशी तर तुमच्या हाकेवर निभावलं मी. खरंच सांगते.”

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी कुरामोची नाकातल्या नळीने जेवत होता.

त्याने अंगठ्याने पाटीची दांडी सरकवली. घरून लिहून आणलेलं सगळं गेलं.

“पाटी कसली? मला निरोप लिहिलाय? दाखवा ना!” तिने पाटी ओढून घेतली, कोरी बघून खळखळून हसली, आणि वर दांडीजवळ एक छोटं संत्रं काढून दिलं. “बरं, एक मागू? सात वर्षं लांबूनच ऐकली. आज जवळून मारा ना हाक. एकदाच. फक्त मला ऐकू येईल अशी.”

कुरामोचीने तोंड उघडलं. को. हा. रू. ओठांनी नीट, एकेक अक्षर. टॉवेलखाली नुसता वारा सुटला. मागे रांगेचा गलका. तिने कानाला हात लावून मान पुढे केली.

“वेळ झाली म्हटलं ना, साहेब! दुसऱ्यांदा सांगतोय!” मॅनेजरचा माणूस ओरडला. त्याचा हात कुरामोचीच्या उजव्या खांद्यावर होता. कधीपासून होता, कोण जाणे.

“काहीच ऐकू आलं नाही, कुरासान!” ती लांबून हात हलवत ओरडली. “पुढच्या वेळी जोरात हं!”

सात वर्षं प्रत्येकाला निरोप देताना ती ‘पुढच्या वेळी’ म्हणत आली होती, तसंच निघून गेलं. मग तिचं तिलाच उमगलं आणि हात तोंडावर गेला. तोवर पुढचा माणूस फोटोला उभा राहिला होता.

बाहेर इनागाकी गार कॉफीचे दोन डबे घेऊन थांबला होता.

“काय म्हणाली? कुठे होतात म्हणून विचारलं? मी तिला अवाक्षर सांगितलं नव्हतं बरं का. म्हटलं, तुमचं तुम्हीच सांगाल.”

कुरामोचीने संत्र्याच्या खाली लिहिलं, ‘म्हणाली, पुढच्या वेळी जोरात.’

इनागाकी वाचून फसकन हसला. मग त्याने पुन्हा वाचलं. कॉफीचा डबा हातात तसाच राहिला, चेहरा हळूहळू उतरला.

“कुरामोचीसान,” तो म्हणाला, “मी फारच हुबेहूब मारली का हो?”

आता पाटीवर जागा नव्हती. काहीतरी लिहायला हवं होतं. हा माणूस चार महिने रिकाम्या बसमध्ये बसून घसा फोडत होता. कुरामोचीने दांडी सरकवली. अक्षरं गेली, संत्रंही गेलं. मग त्याने सावकाश लिहिलं आणि पाटी इनागाकीपुढे धरली.

‘मलाही वाटलं, मीच मारली.’