पाहुण्याची बंदूक

नेव्हिल पॉकलिंग्टननं तिसरी बंदूक आणली तेव्हा विल्फ टेबट बीटाच्या ढिगापाशी ट्रॉलीची फाळकी खरवडत होता. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. समुद्रावरून वारा असा सुटला होता की डोळ्यांतलं पाणी गालावर यायच्या आत कानाकडं पळत होतं. नेव्हिल गाडीतून उतरला तो बंदुकीची पेटी छातीशी कवटाळूनच.

"बघ रं विल्फ. आता हिला तरी नावं ठेवू नगंस."

विल्फनं चिखलाचे हात तसेच पुढं केले. नेव्हिलनं पेटी झटकन मागं घेतली.

"लांबनं बघ की."

"लांबनंच बघायची आसंल तर भिंतीला टांग. खाजणात न्यायची हाय न्हवं ही?"

"न्यायची हाय. पण आजच चिखल कशाला?"

विल्फ हसला नाही. हसू आवरायची त्याला तीन वर्षांची सवय झाली होती. नेव्हिल म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. होल्मफ्लीट गावात खत-बियाण्याचं दुकान चालवायचा. माणूस वाईट नव्हता, पण पायमोज्याला पाणी लागलं तरी घरी परतायचा. आणि अशा माणसाच्या खिशात खाजणात शिकार करायच्या परवान्याचं कार्ड होतं.

त्या कार्डापायी विल्फचा जीव जळायचा. समुद्राच्या बांधापलीकडं दीड मैल नुसतं खारं गवत, चरा आणि पुढं मांडीइतका चिखलाचा रेंदा. हिवाळ्यात रानहंस हजारोंनी त्या रेंद्यावर रात्र काढतात आणि उजाडताना बांधावरून बीटाच्या रानात चरायला येतात. मधल्या चरीत दबा धरून बसायचं, एवढाच तो खेळ. पण गावच्या शिकारमंडळाची कार्डं मोजून चाळीस. कार्ड बापाकडून लेकाकडं जायचं. जावयाचं नाव कुठंच नव्हतं.

आता खरं बघितलं तर म्हातारा पॉकलिंग्टन वीस वर्षं खाजणात फिरला तो विल्फला बरोबर घेऊन. कुठल्या चरीत पाणी आधी चढतं, कुठल्या वाऱ्याला पक्षी खाली येतो, हे सगळं म्हाताऱ्यानं जावयाला दाखवलं. लेक तेव्हा दुकानात युरियाच्या गोणी मोजत होता. म्हातारा गेला, कार्ड लेकाला आलं, आणि विल्फचं नाव लागलं वाट बघणाऱ्यांच्या यादीत. नऊ वर्षांत ते सरकत सरकत पहिल्या नंबरावर आलं होतं. पुढं सरकायला आता कुणीतरी मरायला हवं होतं, नाहीतर कुणाचं तरी कार्ड बुडायला हवं होतं. मंडळाचा नियम साधा होता. सलग तीन हंगाम एकही पक्षी नोंदला नाही, की कार्ड गेलं.

नेव्हिलचे दोन हंगाम कोरे गेले होते. तिसरा वीस फेब्रुवारीला संपत होता.

कोरे का गेले, तर बंदूक ठरेना म्हणून. म्हाताऱ्याची दुनळी होती, तिच्यावर वर्षाकाठी एखादा पक्षी पडायचा, पण शिशाचे छर्रे बंद झाले आणि पोलादी आले. जुन्या पातळ नळीतून पोलाद मारायचं म्हणजे नळीच फाटायची. मग नेव्हिलनं नक्षीकामाची नवी दुनळी आणली. विल्फ म्हणाला, "झकास हाय. पण हंस उंचावरनं जातोय, त्याला दहा बोर लागती." ती परत गेली. पुढच्या वर्षी दहा बोरची आली. ती दोन मैल उचलून नेता नेता नेव्हिलचा खांदा उतरला, आणि विल्फ म्हणाला, "चिखलात बसल्यावर येवढं धूड फिरवणार कसं? मला तर हलकी बरी वाटती." तीही गेली. कधी अस्सल सल्ला, कधी खोटा, कधी अर्धा. तीन वर्षं विल्फ त्याला बंदुका निवडायला लावत होता, आणि नेव्हिल दर वेळी आभार मानत होता.

आता ही तिसरी. एक बार सुटला की दुसरं काडतूस आपसूक चढणारी. अंगावर गवताचं चित्र काढलेलं, चकचकीत.

"बंदूक चांगली हाय," विल्फ म्हणाला. ती खरंच चांगली होती, हीच पंचाईत होती. "पर ठेवशील कशी? खाऱ्या वाऱ्यानं आठ दिवसांत गंज चढतोय."

"तेच इचारायला आलोय. तू तुझी कशी ठेवतोस?"

विल्फची बंदूक अख्ख्या गावाला ठाऊक होती. चाळीस वर्षांची, जाड नळीची, पुढची मूठ हातानं मागं ओढून काडतूस बदलायची. दस्त्याला बोटीचा उरलेला हिरवा रंग फासलेला, मूठ चिकटपट्टीनं गुंडाळलेली. लोक म्हणायचे कोंबड्यांच्या खुराड्याचा दांडा काढून आणलाय. पण चिखलात पडली तर दोन मिनिटांत उघडायची, बादलीभर पावसाच्या पाण्यानं धुवायची, चुलीमागं वाळवायची, आणि वरून तेलाचा फडका फिरवायचा. आणि कडाक्याची थंडी असली की आतली कळ कोरडी ठक्क ठेवायची. तेलाचा थेंब नाही. गारठ्यात तेल घट्ट झालं की कळ काडतुसाला टोचतच नाही, हे म्हाताऱ्यानं त्याला पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं.

"ग्रीस," विल्फ म्हणाला.

"ग्रीस?"

"ट्रॅक्टरचं. आतनं चोप चांगलं. हात आखडू नगंस. खारं पाणी मग बापजन्मात आत जात न्हाई."

नेव्हिलनं खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. लिहून घेतलं, हे विल्फला जरा लागलं. पण जरासंच.

"आणि असं कर," नेव्हिल जाता जाता म्हणाला, "वीस तारखेला तूच चल माझ्यासंगं, पाहुणा म्हणून. भरतीचं मला काय कळत न्हाई. बुडून मरायचो मी."

कार्डवाल्याला एक पाहुणा नेता येत असे. मात्र पाहुण्यानं पाडलेला पक्षी नोंदला जायचा यजमानाच्या नावावर. ही रीत विल्फला पाठ होती. नेव्हिलनं नियमांची पुस्तिका उघडलीच नव्हती.

घरी डोरीननं ऐकलं आणि लाटणं तिथंच टाकलं.

"माझा भाऊ हाय त्यो."

"तुझा भाऊ हाय म्हणून तर निस्तं बंदुकीवर भागवलं. दुसरा कुणी आसता तर भरतीत सोडून आलो आसतो."

"ग्रीस चोपायला सांगितलंस? लाज न्हाई वाटली?"

"वाटली की. म्हणून तर त्याच्याकडं बघितलं न्हाई."

"मग आता कशाला चाललायस त्याच्यासंगं?"

"हा हिवाळा सरत आला डोरीन, आन् मी अजून येकदा बी खाजणात पाय टाकला न्हाई." हे म्हणताना त्याचा आवाज जरा वेगळा आला. तिनं लाटणं उचललं आणि पुन्हा पाईचं पीठ लाटायला घेतलं.

"बंदूक नेऊ नगंस मग. तू मारलास तर त्याच्याच नावावर चढतोय."

"बंदुकीबिगर बांध उतरलो तर माझं पायच चालायचं न्हाईत. नेतो. भरत न्हाई. काडतुसं खिशातच ऱ्हातील."

"बघू," डोरीन म्हणाली. ती तीस वर्षं त्याच्याबरोबर संसार करत होती.

वीस तारखेला पहाटे दहिवर असं गोठलं होतं की गवत पायाखाली कुरकुर मोडत होतं. बांधावरच्या पत्र्याच्या खोपीत मॉड बसली होती, मंडळाची चिटणीस. पंचाहत्तरीची बाई, हातात मोजे, पुढ्यात नोंदवही. तिनं नेव्हिलची नवी बंदूक नीट न्याहाळली.

"ही कितवी?"

"तिसरी. आता ठरली एकदाची," नेव्हिल म्हणाला.

"ठरली म्हंजे बरंच झालं. दुपारी बाराला वही मिटती बाबा. त्याच्या आत काय आणलंस तर आणलंस." मग विल्फकडं बघून ती म्हणाली, "तू कसा काय?"

"पाहुणा."

मॉडनं भुवया वर केल्या आणि नाव लिहिलं. तिला यादी पाठ होती.

दोघं चरीचरीनं पुढं गेले. विल्फची कुत्री पेग मागं मागं. विल्फनं जागा निवडली आणि इथं मात्र त्याला खोटं वागता आलं नाही. वारा ईशान्येचा होता, तर पक्षी कुठल्या चरीवरून येणार हे त्याच्या पायांनाच माहीत होतं, आणि पाय तिकडंच गेले. त्यानं नेव्हिलला वाकून बसवलं, टोपी कपाळावर ओढायला लावली, तोंडाला चिखल फासला.

"तोंडाला कशाला?"

"त्येंच्या डोळ्याला पांढरं तोंड मैलावरनं दिसतंय. गप बस."

रेंद्यावरून आवाज यायला लागला. आधी एक-दोन, मग एकदम हजारांचा कालवा. लाल पट्टा फुटला. विल्फ पाण्याच्या काठावर गुडघे टेकून बसला होता. नेव्हिलच्या बंदुकीतून ग्रीसचा वास येत होता. भरपूर चोपलं होतं गड्यानं. गुलामानं खरोखर हात आखडला नव्हता.

विल्फनं मनाशी पुन्हा सगळं घोकलं. हा मारणार, वाजणार नाही. पक्षी जाणार. बाराला वही मिटणार. पुढच्या आठवड्यात कार्ड आपलं. मग सप्टेंबरात कुणाचा पाहुणा नाही, कुणाची परवानगी नाही, मरेपर्यंत आपण आणि हे खाजण. त्याला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्यानं ते वाऱ्यावर ढकललं.

"विल्फ," नेव्हिल कुजबुजला, "आलं."

सात हंस. थवा सोडून वाऱ्याला टेकलेले, खालून, अगदी चरीच्या काठाकाठानं. तीस पावलांवर. इतके खाली विल्फनं दहा वर्षांत पाहिले नव्हते. पंखांची फडफड ऐकू येत होती.

नेव्हिल उठला. कधी नव्हे ते बरोबर वेळेवर उठला, बंदूक खांद्याला बरोबर लागली, पुढच्या हंसाच्या चोचीच्या पुढं नळी बरोबर गेली. त्यानं चाप ओढला.

टिक.

बारीकसा आवाज. नेव्हिलनं बंदुकीकडं पाहिलं. पुन्हा चाप ओढला. यावेळी टिकसुद्धा झालं नाही. हंस डोक्यावर आले होते.

आणि मग धाडकन एक बार झाला. शेवटचा हंस हवेतच गोळा झाला आणि चरीपलीकडं धप्पकन पडला. पेग सुटली.

विल्फ उभा होता. दस्ता खांद्याला, नळीतून धूर. डावा हात मूठ मागं ओढून पुढं ढकलत होता, दुसरं काडतूस चढवत होता. खिशातली काडतुसं बंदुकीत कधी गेली, बसल्या बसल्या बोटांनी कधी भरली, हे त्याला आठवेना. त्यानं खिसा चाचपला. रिकामा होता.

"मारलास," नेव्हिल म्हणाला. तोंडावरचा चिखल हसण्यानं तडकला. "आरं, काय मारलास रं."

विल्फनं बंदूक खाली केली. पेग हंस घेऊन आली, तिनं तो त्याच्या पायाशी ठेवला आणि शेपूट हलवत वर बघत राहिली. "गुणाची गं," तो म्हणाला, कारण कुत्रीचा काही दोष नव्हता.

खोपीत मॉडनं हंसाच्या मानेखाली हात घालून वजन बघितलं.

"कुणी पाडला?"

विल्फनं तोंड उघडलं. तो खोटं बोलला असता तर काय बोलला असता, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पण नेव्हिलला धीर नव्हता.

"ह्यानं. माझी वाजलीच न्हाई, आतनं घट्ट झाली. माझा तर हंगाम कोराच गेला मॉड. कार्ड घे बाई," म्हणून त्यानं खरंच खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं.

विल्फ त्या कार्डाकडं बघत राहिला. हातभर अंतरावर होतं.

"उचल ते," मॉड म्हणाली. "पाहुण्याचा पक्षी यजमानाचा. पुस्तिका वाचायची आसती कधी तरी." आणि तिनं मोठ्यानं बोलत लिहिलं, "नेव्हिल पॉकलिंग्टन. रानहंस, एक." मग चष्म्यावरून बघत म्हणाली, "विल्फ, यादीत तुझा नंबर पयलाच हाय. तसाच ऱ्हाऊ देते."

घरी आल्यावर विल्फनं आधी बंदूक उघडली. चहा नंतर. बादलीभर पावसाचं पाणी घेतलं, नळी धुतली, मुठीच्या खाचेतला रेंदा काडीनं काढला, सगळं चुलीमागं मांडलं. डोरीन बघत होती.

"भरली कशाला होतीस?"

"म्या न्हाई भरली."

"मग काय पेगनं भरली?"

त्यानं फडका उचलून दस्ता पुसायला घेतला. तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि पाईचा मोठा तुकडा ठेवला, आणि जाता जाता खांद्यावर हात ठेवला. भाऊ वाचला म्हणून की नवरा बुडाला म्हणून, ते त्यानं विचारलं नाही.

दुपारी नेव्हिल आला. हंस त्यानं सोलून आणला होता, अर्धा यांना, अर्धा स्वतःला. खुर्ची ओढून तो चुलीपाशी बसला.

"विल्फ, म्या इचार केलाय. बंदुकीची भानगडच नको आता. ही ठेवतो दुकानात काचेमागं, लोक बघतील तरी. तू येत जा की माझा पाहुणा म्हणून. दर हंगामाला. मारायचं काम तुझं, बाजूला चहा घेऊन बसायचं माझं. कार्ड बी टिकलं आन् तुझी हौस बी भागली. कसं?"

डोरीननं तोंड दुसरीकडं वळवलं.

विल्फ चुलीमागून एक एक भाग काढून कोरड्या फडक्यानं पुसत राहिला. नळी जोडली, मूठ बसवली, मागंपुढं ओढून बघितली. वरून तेलाचा हात फिरवला, हलका, जेवढा लागतो तेवढाच. या माणसाला काय काय ऐकवावं याची त्यानं मनात मोठी यादी केली, आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

"सप्टेंबरच्या एक तारखेला भरती लवकर हाय," तो शेवटी म्हणाला. "घरनं चारलाच निघावं लागंल."