पायाला बांधलेली लेस

मी ड्रम वाजवणाऱ्याच्या बुडाखालचं स्टूल बोलतोय. हसलात ना? हसा, हसा. गायकाच्या माईकला सगळे ओळखतात, गिटारचे तर फोटो काढून भिंतीला लावतात. आणि वाजवणाऱ्याचा सगळा भार ज्यानं पेलला, त्याला कोण विचारतो?

माझ्या मालकाला बँडमध्ये ठोक्या म्हणायचे. गायक कायम हिरवं जाकीट घालायचा, म्हणून तो पोपट. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. भांडायचे कचाकचा, पण जेवायचे एका ताटात. त्यांची गाणी तेव्हा पोरासोरांच्या तोंडी होती.

एकदा मोठा कार्यक्रम होता. पडदा उघडायची वेळ झाली आणि नेमका माझ्या एका पायाचा नट गळून कुठंतरी गेला. मी लटपटायला लागलो, ठोक्याचं तोंड एवढंसं झालं. पोपटानं इकडंतिकडं पाहिलं, आपल्या बुटाची लेस सर्रकन ओढून काढली आणि माझा पाय करकचून बांधला. म्हणाला, "बस गाढवा! आता तू पडलास तरी हे पडायचं नाही."

मग बूट निसटू नये म्हणून अख्खा कार्यक्रम तो एक पाय फरपटत गायला. लोकांना वाटलं, नवी स्टाईल! दुसऱ्या दिवसापासून गल्लोगल्ली पोरं पाय फरपटत नाचायला लागली. दोघं पोट धरधरून हसले आणि हे कुणाला म्हणून सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना माहीत आणि मला माहीत, बस्स.

पुढं कुठं माशी शिंकली कोण जाणे. पोपट एका मुलाखतीत बोलून गेला, "ड्रम वाजवणारा काय हो, शोधला की मिळतो." पुढच्या कार्यक्रमात ठोक्या भर गाण्यात उठला, मला काखोटीला मारलं आणि चालू पडला. एवढ्या गर्दीसमोर पोपट एकटा उभा. बँड तिथंच मोडला. एकानं जरी फोन केला असता! पण दोघांचंही नाक वर. वर्षं गेली.

ठोक्यानं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी तिथं त्याच्या बुडाखाली. साबणाच्या पाण्यानं माझं रेक्झिन फाटलं. दुकानात नटांचे डबे भरलेले, पण माझ्या पायाची लेस काढून नवा नट काही त्यानं बसवला नाही. मीही कधी कुरकुर केली नाही. म्हणजे, बसल्यावर करायचो, तेवढीच.

एका दुपारी त्याची मुलगी कॉलेजातून थेट दुकानात आली.

"बाबा, तुमच्या बँडवर लोक अजून गोष्टी रचतात! फॅन फिक्शन म्हणतात त्याला. मनानंच लिहायचं. 'जुना चाहता' नावाचा एकजण भाग करून लिहितोय. त्यात तुमची दोघांची गट्टी होणार आहे."

"रिकामटेकडे लेकाचे," ठोक्या म्हणाला. "वाच बघू."

ती मोबाइलवरून वाचायला लागली. हा मशीनमध्ये डोकं घालून चुका काढतोय. "मी असं बोललोच नसतो." "पोपट आणि माफी? छे!" तेवढ्यात ती खिदळली, "ऐका, काय काय सुचतं लोकांना! स्टुलाचा पाय निखळला म्हणून पोपटानं बुटाची काळी लेस बांधली, आणि म्हणून तो पाय फरपटत गायला!"

ठोक्याचा हात थांबला. मशीनमधून डोकं काढून त्यानं खाली हात घातला आणि माझ्या पायाची लेस चाचपली. ही गोष्ट कुण्या चाहत्याला ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

तरी फोन केला का? नाव नको. मुलीला म्हणाला, "त्याच्याखाली लिही, लेस पांढरी होती." एवढंच.

थोड्या दिवसांनी नवा भाग आला. सुरुवातच अशी: लेस पांढरी होती. माझंच चुकलं, लेसचंही आणि बाकीचंही. शेवटी ठोक्या पोपटाच्या दाराशी येऊन उभा राहतो. आणि तिथंच गोष्ट थांबली. वाचणारे विचारून थकले, पुढचा भाग कधी? ठोक्याही रोज विचारायचा, "आला का गं?"

"कसा येईल, बाबा?" एक दिवस मुलगी चिडलीच. "दाराशी तुम्ही उभे आहात. बेल कोण वाजवणार?"

मला काखोटीला मारून तो निघाला. दार पोपटाच्या बायकोनं, वहिनींनी उघडलं. ह्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, म्हणाल्या. "लिहिण्यात जीव रमायचा. आता बोटंही ऐकत नाहीत, भावजी."

आत पोपट नुसता हाडांचा सापळा. त्यानं ठोक्याकडं पाहिलं, मग माझ्या पायाकडं. ठोक्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण तो खाली बसला आणि म्हणाला, "गाठ सैल झालीय. हे स्टूल इथंच राहू दे. रविवारी येऊन आवळत जाईन."

तेव्हापासून दर रविवारी येतो. पोपट शनिवारी हळूच गाठ सैल करून ठेवतो. "लेकाच्या, टिकत कशी नाही रे ही?" ठोक्या म्हणतो, पोपट खांदे उडवतो. गाठ मारून झाली की ठोक्या माझ्या कडेवर बोटांनी ठेका धरतो आणि पोपटाचे ओठ नुसते हलतात. बाकी मूळ बोलणं तसंच राहिलंय. पोपटानं आपलं लिहून टाकलं, ह्याचं अजून पोटातच.

आज शनिवार. संध्याकाळपासून पोपट माझ्या पायाशी झटतोय. नखात जोर उरला नाही, गाठ सुटत नाही. आत्ता तो डोळे पुसून पलंगावर पडलाय.

ठोक्या, बाबा रे, उद्या गाठ घट्ट दिसेल. काम नाही म्हणून उठून जाऊ नकोस. पायाकडं बघूच नकोस, त्याच्याकडं बघ आणि काय ते बोलून टाक. तोवर मी आपला जमेल तेवढा डगमगत राहतो.