सासूबाईंच्या विमानाच्या तबकड्या

सासूबाईंची नजर अधू झाली, तेव्हा त्यांच्या विमानातल्या वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्या मोठ्या करून द्यायच्या असं जावयाने ठरवलं.

विमान अर्थात खोटं होतं. खरं विमान सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं चालवलं होतं. दोन इंजिनांचं, टपालाची पोती वाहणारं, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर खेचरासारखं हट्टी. डोळे बिघडायला लागले तशी मुलीने त्यांना आपल्याकडे आणलं. तेव्हापासून त्या मागच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. रेडिओ लावलेला असे, पण त्या ऐकत नसत. हे बघवेना म्हणून जावयाने कॉम्प्युटरवर विमान उडवण्याचा सिम्युलेटर बसवला, टेबलाला विमान वळवायचा दांडा जोडला आणि शोधशोधून त्याच जातीचं विमान त्यात घातलं.

पहिल्या दिवशी सासूबाईंचा चेहरा उजळला. आठवडाभरात त्यांनी दांडा बाजूला सारला.

"तबकड्या दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "आंधळी कोशिंबीर खेळायला मला विमान कशाला हवं?"

जावई छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरची लेबलं मांडायचा. एवढ्याशा जागेत कंपनीचं नाव, औषधाचं नाव आणि मुंगीएवढ्या अक्षरांतल्या सूचना बसवणं हा त्याचा रोजचा धंदा. सहा तबकड्या मोठ्या करणं म्हणजे त्याच्या मते चहा होईपर्यंतचं काम.

विमानाचं पॅनेल, म्हणजे तबकड्यांची पाटी, बदलण्यासाठी एक छोटा प्रोग्राम मिळाला. कुणा हौशी माणसाने तो लिहून फुकट वाटला होता आणि मग बहुधा हौस फिटल्यामुळे वाऱ्यावर सोडला होता. त्यात पॅनेलचं चित्र उघडायचं, हवी ती तबकडी माउसने धरायची, सरकवायची, ताणायची आणि सेव्ह करायचं. निदान सोबतच्या पानावर तसं लिहिलं होतं.

जावयाने उंचीची तबकडी ताणून दुप्पट केली. सिम्युलेटर बंद करून पुन्हा चालू केला, कारण त्याशिवाय बदल दिसत नसत. तबकडी मोठी झाली होती, काटा मात्र होता तेवढाच राहिला होता. मोठ्या ताटात टाचणी पडल्यासारखा दिसत होता. त्याने काटा मोठा केला, तर तो मधल्या खिळ्याऐवजी भलत्याच ठिकाणी रुतून गोल फिरू लागला. तो दुरुस्त केला, तेव्हा शेजारची वेगाची तबकडी गायब होऊन तिथे काळा चौकोन आला. एक पाऊल मागे जाण्याची सोय होती, पण एकच पाऊल. दुसऱ्यांदा मागे जायला गेलं की प्रोग्राम निमूटपणे बंद पडे.

"जळ्ळं मेलं हे!" जावई पुटपुटला.

छापखान्यातून आला की तो रोज संध्याकाळी त्या प्रोग्रामला भिडत होता. चहा गार होत होता. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं.

"आईने मागितलंय का हे?" तिने विचारलं.

"मागायला कशाला हवं? दिसत नाही म्हणाल्या ना."

"तू असा दात-ओठ खात बसतोस, ते तिला ऐकू येतं. कान शाबूत आहेत तिचे."

महिना गेला आणि एकदाचं पॅनेल तयार झालं. वेग आणि उंची, दोन्ही तबकड्या पडद्याच्या मधोमध बशीएवढ्या दिसत होत्या. बाकीच्या लहान करून कोपऱ्यात सारल्या होत्या. जावयाने सासूबाईंना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला.

त्यांनी दांडा मुठीत धरला.

"कुणाचं विमान हे?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच, आई. फक्त मोठं केलंय."

त्यांनी विमान धावपट्टीवरून उचललं. ते त्यांना जमलं, ते हातातच होतं. पण वळण घेताना विमानाचं नाक खाली जायला लागलं. बशीएवढ्या तबकडीवर उंचीचा काटा भराभर उतरत होता, आणि त्या थेट त्याच्याकडेच बघत होत्या. तरी त्यांनी दांडा ओढला नाही. पडदा निळा झाला. विमान पाण्यात गेलं होतं.

"जावईबापू, राहू द्या," त्या उठत म्हणाल्या.

जावयाचा तोल गेला. "राहू द्या काय? महिनाभर डोळे फोडून घेतले मी! समोर बशी ठेवल्यासारखा काटा आहे, आणि तुम्ही बघतसुद्धा नाही."

"मी सांगितलं नव्हतं फोडून घ्यायला," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. बायकोला सुटी नव्हती, म्हणून जावई गेला. तोवर तपासणीच्या खोलीत मुलीलाही त्या कधी येऊ देत नसत. त्या दिवशी मात्र डॉक्टरीणबाईंनी जावयाला आत बोलावलं आणि पडद्यावरच्या आकृतीवर बोट ठेवून समजावलं. नजरेचा मधला भाग गेला होता. कडा चांगल्या होत्या.

"म्हणजे ज्या वस्तूकडे सरळ बघतील, तीच दिसणार नाही," बाई म्हणाल्या. "बाजूचं दिसेल."

जावई सुन्न झाला. महिनाभर खपून त्याने सगळं नेमकं त्याच जागी आणून ठेवलं होतं. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्याला आधी रागच आला.

"हे आधी सांगायला काय झालं होतं, आई? आम्हाला म्हणालात, अंधुक दिसतं. अंधुक वेगळं आणि हे वेगळं."

सासूबाईंनी मान त्याच्याकडे वळवली, पण नजर त्याच्या कानाजवळून पलीकडे गेली. इतके दिवस त्याला वाटे की त्या रागावून तोंड चुकवतात.

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "पोरीकडे बघते तर तिचे केस दिसतात, कानातले दिसतात. चेहराच नसतो. हे तिला सांगू?"

तो म्हणाला, "घरी मी सांगतो तिला."

"सांगा. मला जमलेलं नाही."

घरी गेल्यावर त्याने सांगितलं. बायको आईपाशी जाऊन बसली, आणि आतून बराच वेळ दोघींचा आवाज येत राहिला. कधी चिडका, कधी नुसताच ओला. जावयाने प्रोग्राम उघडला.

या वेळी सासूबाई शेजारी बसल्या आणि मग खरी डोकेदुखी सुरू झाली. मधली जागा रिकामी ठेवून तबकड्या कडेने लावायच्या, एवढं दोघांना मान्य होतं. पण जावयाने उंचीची तबकडी डावीकडे नेताच त्या कडाडल्या.

"उंची उजवीकडे असते."

"डावीकडे जागा जास्त आहे."

"तुमच्या खोक्यावर असेल जागा. माझी नजर आयुष्यभर त्याच वाटेने फिरली आहे. वेग डावीकडे, उंची उजवीकडे. क्षितिजाची तबकडी मध्ये असते, ती आता वर घ्या."

त्याने घेतली. सेव्ह करताना प्रोग्राम बंद पडला आणि फाईल रिकामी झाली. जावयाने कपाळ टेबलावर टेकवलं. सासूबाईंनी त्या अनोळखी हौशी माणसाला उद्देशून एक शब्द उच्चारला. तो शब्द जावयाने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी त्याला पुन्हा सुरुवात करायला लावली.

एका रविवारी सकाळी विमान उडालं. सासूबाई पडद्याच्या रिकाम्या मध्यावर नजर रोखून बसल्या होत्या. तिथे काहीच नव्हतं आणि कडेने काटे हलत होते. वळण नीट घेतलं. उंची सुटली नाही. उतरताना चाकं जोरात आपटली, विमान दोनदा उसळलं आणि धावपट्टी सोडून गवतात जाऊन थांबलं.

"उतरलं!" बायको म्हणाली.

"गवतात," सासूबाई चिडून म्हणाल्या. "याला उतरणं म्हणत नाहीत. जावईबापू, वेगाची तबकडी जरा खाली घ्या. उशिरा दिसते."

त्याने ती खाली घेतली, तर काटा वरच राहिला. त्याचं निस्तरेपर्यंत सिम्युलेटरची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि तिने अर्धं पॅनेल पुसून टाकलं. आता जावई छापखान्यातून येतो आणि चपला काढायच्या आधीच सासूबाई त्याला काय बिघडलंय ते सांगायला लागतात. तो उलट बोलतो, त्या ऐकत नाहीत. इंधनाचा काटा तर कधी शून्यावरून हललाच नाही. सासूबाई रोज रिकाम्या टाकीनेच उडतात.