पायरीवरचा माणूस

क्लबातल्या लोकांविषयी भिंगवाल्यांचे मत विचारले तर ते काही बोलत नसत, नुसती नाकातून हवा सोडत. तेवढ्यात सगळे मत येऊन जाई.

भिंगवाले हे अर्थात त्यांचे खरे नाव नव्हे. डोक्याला पट्ट्याने बांधायचे एक भिंग त्यांच्याकडे होते. क्लबात पाऊल टाकल्याबरोबर ते कपाळावरून डोळ्यांवर ओढायचे आणि घरी जाईपर्यंत तसेच ठेवायचे, अशी त्यांची रीत. सारी नोकरी नकाशे काढण्याच्या कचेरीत झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःला छोट्या रेल्वेला, म्हणजे टेबलावर धावणाऱ्या रेल्वेला वाहून घेतले; क्लबही त्याच छंदाचा. इंजिनांशी त्यांचे देणेघेणे नव्हते. इंजिन काय, कोणीही गाढव उठून विकत आणतो. त्यांचा जीव वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या डब्यांवर. "घरात एक वाघीण पुरत नव्हती का यांना?" असे त्यांची बायको पाहुण्यांना विचारी. पाहुणे हसले की भिंगवाले मनातल्या मनात त्या पाहुण्यांच्या नावावर काट मारीत.

दुकानात मिळते ती वाघीण काडेपेटीहून जरा लांब, प्लास्टिकची, आणि पावडर थापून फोटो काढायला बसल्यासारखी चकचकीत. तिच्या पायऱ्या जाडजूड, दाराची कडी दारालाच चिकटलेली, आणि ब्रेकच्या दांड्याच्या जागी नुसता एक गोळा. भिंगवाले ती घरी आणून आधी तासून काढत. चिकटलेले कठडे ब्लेडने खरवडून त्या जागी केसाएवढ्या तारेचे कठडे बसवत. फळ्यांमधल्या फटी सुईने कोरून काढत. मग रंग, रंगावर धूळ, आणि धुळीवर गंज. गंजसुद्धा कुठेही नाही, तर खऱ्या डब्यावर पाणी जिथे साचून राहील तिथेच. "गंजालाही अक्कल असते," असे ते क्लबात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत.

क्लबात अक्कल नव्हती याबद्दल त्यांना शंका नव्हती. चिटणीस होता डेंटिस्ट. त्याच्या वाघिणी त्याच्या पेशंटांच्या कवळ्यांसारख्या चमकत. विजेच्या सामानाचा एक दुकानदार होता. तो दिसेल त्यात दिवा बसवी, अगदी कोळशाच्या वाघिणीतसुद्धा. "का हो, कोळसा रात्री वाचत बसतो का?" असे भिंगवाल्यांनी त्याला विचारले, तर तो शहाणा खूश होऊन हसला. असल्यांपुढे बोलणार तरी काय?

आणि या सगळ्यांच्या खाली, तळाला, त्यांचा स्वतःचा धाकटा भाऊ.

धाकट्याचे टायरचे दुकान होते. बोटे केळ्यांएवढी, नखांत कायमचे काळे. थोरल्याचे बघून तोही क्लबात आला, आणि वर्षभरात सगळ्यांचा लाडका झाला, कारण येताना तो सर्वांना पुरतील एवढी बिस्किटे आणी आणि आपल्या चुकांवर आपणच आधी हसे. सगळ्यांना आवडतो म्हणजे माणसात काही दम नाही, हा भिंगवाल्यांचा जुना सिद्धांत होता आणि धाकटा तो रोज सिद्ध करीत होता. आई धाकट्याकडे राही. थोरल्याच्या घरी तिला जागा नव्हती. म्हणजे खोली होती, पण खोलीत वाघिणी होत्या.

वडील यार्डात डबे जोडण्या-सोडवण्याच्या कामावर होते. ते गेले तेव्हा थोरला शाळा संपवीत होता आणि धाकट्याने शाळा पाहिलीही नव्हती. मागे त्यांचा एकच फोटो राहिला, काळा-पांढरा. उघड्या टपाची लाकडी वाघीण आणि तिच्या पायरीवर वडील उभे, एका हाताने कठडा धरलेला, एक पाय हवेत. मूळ फोटो आईजवळ असे. भिंगवाल्यांनी त्याची मोठी प्रत करून घेतली आणि कचेरीच्या सवयीने तिच्यावर पेन्सिलीने उभ्या-आडव्या रेघा मारल्या. वडिलांच्या छातीवरूनही रेघा गेल्या, त्याला इलाज नव्हता.

त्या वाघिणीवर त्यांनी चारेक वर्षे घालवली. फोटोत नंबर स्पष्ट वाचता येई. एक फळी बदललेली, बाकीच्यांहून फिकी. पायरीचा एक कोपरा चेपलेला. खाली खडूने काढलेला बाण. हे सगळे त्यांनी जसेच्या तसे उतरवले, आणि उतरवताना हे आपल्याखेरीज जगात कोणाला जमणार नाही याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावेनासे झाले. अडचण एकच होती, ती म्हणजे वडील. ते नेमके दाराच्या कडीसमोर उभे होते. कडी कशी आहे, तिच्यामागे बोल्ट किती, काही म्हणता काही दिसत नव्हते.

"नेमकं इथंच उभं राहायचं होतं?" एकदा ते मोठ्यानेच म्हणाले. बायकोने स्वयंपाकघरातून विचारले की कोणाशी बोलताय. आपल्या आराखड्यात त्यांनी वडिलांच्या आकाराएवढी जागा तिरप्या रेघांनी भरली, न दिसणारा भाग नकाशात भरतात तशी, आणि आत बारीक अक्षरांत 'अडथळा' असे लिहिले. पुढे त्याच जातीच्या दुसऱ्या वाघिणींचे फोटो मिळवून त्यांनी कडीचा हिशेब लावला. त्या हिशेबावर त्यांचे भारी प्रेम होते.

हे सगळे कशासाठी, तर आईसाठी. भिंगवाले असे बोलून दाखवणारे नव्हते, पण होते ते असेच. दरवर्षीच्या प्रदर्शनात क्लबाची एक लांबलचक मालगाडी धावे, त्यात प्रत्येकाची एक वाघीण. यंदा धाकटा आईला चाकाच्या खुर्चीतून आणणार होता. वडिलांची वाघीण आईच्या डोळ्यांसमोरून धावत जावी आणि तिने चारचौघांत एकदा म्हणावे, हे माझ्या थोरल्याचं काम. एवढेच त्यांना हवे होते, आणि ते मिळणार यात त्यांना संशय नव्हता. टायरवाल्याकडून आई दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी गाडी जुळवायला सगळे जमले. डेंटिस्ट एकेक वाघीण रुळावर ठेवता ठेवता थांबला.

"अहो, एकाच नंबरच्या दोन आल्यात," तो म्हणाला. "नियमात बसत नाही. एक काढावी लागेल."

एक भिंगवाल्यांची होती. दुसरी धाकट्याची.

"अरे दादा, तूपण हीच केलीस?" धाकट्याचा चेहरा एवढा उजळला की भिंगवाल्यांना शिसारी आली. "मला सांगितलं असतंस तर."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" ते म्हणाले आणि डोळ्यांवरचे भिंग नीट बसवले.

दोन्ही वाघिणी दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवल्या. मध्ये फोटो. क्लबातले सगळे भोवती गोळा झाले, आणि भिंगवाल्यांनी भावाच्या वाघिणीची सालटी काढायला घेतली. गंज मुरांब्यासारखा ओतलेला. फळ्यांच्या रेघा बॉलपेनने मारलेल्या. खडूचा बाण उलट्या दिशेला. बदललेली फळी वरून तिसरी, याने चौथी फिकी केली. धाकटा प्रत्येक चुकीला मान डोलावत होता. "हो की. बरोबर आहे दादाचं," असे म्हणत होता, आणि त्यामुळे पाणउतारा करण्यातली निम्मी मजा जात होती.

"आणि हे काय?" भिंगवाल्यांनी चिमट्याचे टोक दाखवले. पायरीवर एक तांदळाएवढा माणूस चिकटवलेला होता. एका हाताने कठडा धरलेला, एक पाय हवेत.

"बाबा," धाकटा म्हणाला.

"ते दिसतंय. मागची कडी कशी आहे ते तुला कळलं नाही, म्हणून तू तिथे माणूस चिकटवलास. याला आम्ही चोरी म्हणतो."

दुकानदार हसला. डेंटिस्टही. धाकट्याने डोके खाजवले.

"मागं काही आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, दादा. मी बाबांनाच बघत होतो."

भिंगवाल्यांनी नाकातून हवा सोडली. निकाल उघड होता. त्यांची वाघीण गाडीत गेली, धाकट्याची बाजूच्या आडव्या रुळावर, जिथे बिनकामाचे डबे उभे करतात. धाकट्याने ती स्वतःच उचलून तिकडे नेली. मग परत आला आणि खाली वाकून, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, कारण त्याला हळू बोलता येतच नसे:

"दादा, एक विचारू? बाबांच्या शर्टाचा रंग कोणता होता? फोटोत कळत नाही. मी फार लहान होतो. तुला आठवत असेल."

सगळे भिंगवाल्यांकडे बघत होते. त्यांनी आठवायला सुरुवात केली, अगदी सहज, खिशातून किल्ली काढावी तशी. किल्ली खिशात नव्हती. त्यांना शर्ट दिसला, तो करडा. बाह्या करड्या, मान करडी, चेहरा करडा, आणि सगळ्यावरून पेन्सिलीच्या रेघा. त्यांनी आणखी मागे जाऊन पाहिले. वडील दारातून आत येताहेत, जेवायला बसताहेत, शाळकरी थोरल्याच्या वहीवर वाकून बघताहेत. तिथेही करडेच. तो फोटो त्यांनी इतकी वर्षे इतक्या जवळून पाहिला होता की त्यापलीकडचे वडील पुसूनच गेले होते. वाघिणीचा बोल्ट न् बोल्ट त्यांना पाठ होता.

'आठवत नाही' एवढे म्हणणे पुरे होते. पण ते शब्द भिंगवाल्यांनी या खोलीत कधी उच्चारले नव्हते, आणि आता टायरवाल्यापुढे, दिवेवाल्यापुढे उच्चारायचे?

"निळा," ते म्हणाले.

"कसला निळा?"

"गडद. यार्डातल्या सगळ्यांचा निळाच असायचा. एवढंही विचारावं लागतं?"

"आई खाकी म्हणाली होती," धाकटा म्हणाला. "धुऊन धुऊन पांढरट पडलेला, असं. म्हणून मी खाकी केला. पण तिचं आता वय झालं ना. बरं झालं तुला विचारलं." आणि तो निळ्या रंगाची बाटली मागू लागला.

बाटलीचे झाकण घट्ट बसले होते. धाकटा त्याच्याशी झटत होता, मग बाटली डेंटिस्टकडे गेली, त्याने झाकण चिमट्याने फिरवून पाहिले. बोलायला वेळ होता. भिंगवाल्यांनी आपल्या वाघिणीचा आकडा पुढच्या डब्यात नीट अडकला आहे की नाही ते पाहिले. तो नीटच अडकला होता. त्यांनी तो काढून पुन्हा अडकवला. तेवढ्यात झाकण निघाले आणि धाकट्याने आपल्या जाड ब्रशाने, जीभ दातांत धरून, वडिलांना निळे करून टाकले.

दुसऱ्या दिवशी आई आली. धाकट्याने खुर्ची टेबलाला लावली. गाडी वळणावरून येऊ लागली तसे भिंगवाले तिच्या कानाशी वाकले.

"आई, ती बघ. फिकी फळी आहे ना, ती. बाबांची वाघीण."

"कुठली रे? सगळ्या सारख्याच दिसतात." वाघीण समोरून गेली. आईने मान वळवून ती जाईपर्यंत पाहिली. "छान आहे. किती बारीक काम रे. तू केलंस होय?"

"हो."

"आणि हे कुठायत?"

भिंगवाल्यांना क्षणभर कळले नाही. मग कळले. आई वडिलांना 'हे' म्हणे.

"ते इकडं आहेत, आई," धाकटा म्हणाला आणि त्याने खुर्ची आडव्या रुळाकडे नेली. भिंगवालेही मागे गेले. का गेले ते त्यांना सांगता आले नसते.

आईने चष्मा पुसला आणि नाक रुळाला टेकेल एवढी वाकली.

"असेच उभे राहायचे," ती म्हणाली. "एक पाय असाच लोंबकळत ठेवायचे. मी किती ओरडायची, पडाल म्हणून." मग तिने बोट दाखवले. "पण शर्ट निळा का केलास रे? तुला खाकी सांगितला होता ना?"

"निळाच होता, आई. दादाला आठवतंय."

आईने मान वर करून थोरल्याकडे पाहिले. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. ती खरोखरच विचारत होती.

"निळा होता का रे?"

मागे गाडी दुसऱ्यांदा वळणावर आली होती. डेंटिस्ट कोणाला तरी सांगत होता की ती फिक्या फळीची वाघीण बघा, बोल्टसुद्धा खरे आहेत. धाकटा हसऱ्या चेहऱ्याने भावाच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"हो," भिंगवाले म्हणाले.

"असेल मग," आई म्हणाली. "रोज मीच धुवायची खरं तर, आणि मला खाकीच आठवत बसलाय इतकी वर्षं. काय मेलं डोकं झालंय." ती स्वतःशीच थोडी हसली. "तू मोठा होतास. तुला आठवतो म्हणजे निळाच."

आणि ती पुन्हा वाकली, निळा शर्ट नीट बघून ठेवायला.